न विचारलेला मंगळवार

आमच्या भावजींना काही विचारायचं तर नीट विचारावं लागतं. "दूध आणलंत का?" म्हटलं की "हो" म्हणतात. त्यातलं निम्मं जिन्यात सांडलंय, हे त्यांच्या सदऱ्याकडे बघून आपण ओळखायचं. एकदा त्यांना ताप होता म्हणून मी विचारलं, "डॉक्टर भेटले का?" तर म्हणाले, "भेटले." दुसऱ्या दिवशी कळलं की डॉक्टर रस्त्यात भेटले होते, स्कूटरवरून जाताना. तपासणं वगैरे काही झालंच नव्हतं. आमचे हे होते तेव्हा म्हणायचे, "माझ्या भावाच्या तोंडाला टाळं आहे आणि किल्ली नेहमी समोरच्याच्या खिशात."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. का नाही केलं, ते कुणी नीट विचारलं नसावं. माझ्या मुलाच्या घरातच मागच्या खोलीत राहतात. धंदा धार लावण्याचा. सायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकावरून पट्टा पुढच्या दगडी चाकाला घ्यायचा आणि पायडल मारत बसायचं. सुऱ्या, कात्र्या, शिंप्याच्या, न्हाव्याच्या, खाटकाच्या. ठिणग्या उडतात, त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांना पोटावर बारीक बारीक भोकं आहेत. मी शिवत नाही आता. चाळणीला किती ठिगळं लावणार?

त्यांच्या धंद्याच्या दोन रीती. एक म्हणजे वार ठरलेला. सोमवारी बाजार, मंगळवारी कारखान्यांची गल्ली, बुधवारी दवाखान्यामागच्या इमारती, असं शनिवारपर्यंत. कुणी बोलवायला येत नाही, यांनाच जायचं असतं, आणि लोक त्या वाराला हत्यारं काढून ठेवतात. दुसरी रीत अशी की धारवाल्याने सुरी कशाला हवी ते विचारायचं नाही. पातं हातात घ्यायचं, धार लावायची, परत द्यायचं.

या दोन रीतींनी आमच्या घराची झोप उडवली.

कारखान्यांच्या गल्लीत चामड्याच्या पिशव्या शिवायचं एक ठिकाण होतं. पुढे शिलाईची खोली, मागे कापायची, मधे पडदा, आणि सगळीकडे चामड्याचा आणि सोल्युशनचा वास. मालक आणि त्याचा थोरला भाऊ दोघं मिळून चालवायचे. कामगारांत एक डावखुरा होता. सगळे त्याला डावखुराच म्हणायचे. त्याची रापी, म्हणजे चामडं कापायचं ते रुंद पात्याचं हत्यार, भावजींना उलट्या अंगाने घासावी लागायची, म्हणून तो त्यांच्या लक्षात राहिलेला. बायको होती, तान्हं मूल होतं. चिडका होता म्हणतात. एका दुपारी पगार कापला म्हणून मालकाशी जुंपली, रापी हातातच होती, आणि मालक तिथल्या तिथे गेला. हसतमुख माणूस होता तो, मी पाहिलेला. भावजींना चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. त्याची म्हातारी आई, बायको, लहान मुलगी, सगळं मागे राहिलं. हे मी आधीच सांगते, कारण पुढे मी काय काय केलं ते वाचताना कुणाला वाटू नये की म्हातारी ते विसरली.

भावजींना साक्षीला बोलावलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "घटनेच्या दिवशी सकाळी आरोपीच्या रापीला तुम्ही धार लावली का?"

"हो."

"चांगली धार लाव, असं त्याने सांगितलं का?"

"हो."

"ठीक आहे. जा."

आरोपीच्या वकिलांनी काही विचारलंच नाही. भावजी घरी आले, जेवले, झोपले. मी विचारलं, "झालं का साक्षीचं?" म्हणाले, "झालं."

निकाल लागला तेव्हा ते चहाच्या टपरीवर होते. तिथल्या टीव्हीवर सांगितलं की फाशी. आणि का फाशी, तर सकाळी हत्याराला मुद्दाम धार लावून घेतली, दुपारी मारलं, म्हणजे सगळं आधी ठरवून केलं. भावजी सायकल तिथेच टाकून घरी आले आणि उंबऱ्यावर बसले. मी कांदा चिरत होते.

"वहिनी," म्हणाले, "तो मंगळवार होता."

इतक्या वर्षांत या माणसाने न विचारता काही सांगितल्याचं मला आठवत नाही. माझी सुरी थांबली.

"मग?"

"मंगळवारी मी तिथे सगळ्यांच्याच हत्यारांना धार लावतो. त्याने बोलावलं नव्हतं. मीच गेलो. जाड चामडं आलंय, जरा बरी लाव म्हणाला. सगळेच म्हणाले. मालकही म्हणाले."

"हे कोर्टात सांगितलंत?"

"विचारलं नाही."

मी कांदा तसाच ठेवून त्यांच्याशेजारी उंबऱ्यावर बसले.

त्यानंतर त्यांची तब्येत बघवेना. घास तोंडाजवळ नेऊन थांबायचे. पायडल मारता मारता पाय थांबायचा. कोर्टातल्या कारकुनाकडे गेले, तो म्हणाला आता वरच्या कोर्टात बघा. वरच्या कोर्टानेही फाशीच कायम केली. मग दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी, बुधवारी त्यांच्या कात्र्या असतात, भावजींना आणि मला काही मंडळींकडे नेलं. फाशी नको म्हणणारी मंडळी. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, तीनच खुर्च्या, एक वकीलबाई, एक पाय मोडलेले निवृत्त मास्तर आणि या नर्सबाई. मला वाटलं होतं मोठं ऑफिस असेल. वकीलबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, केस बांधायलाही वेळ नसलेल्या. फी घेत नव्हत्या. पण अर्ज करायचा, जाडजूड कागदांच्या नकला काढायच्या, मोठ्या कोर्टाच्या शहरात जाऊन राहायचं, त्याला पैसा लागणार होता आणि मंडळींकडे पैशाच्या नावाने शंख होता. लोकांकडून थोडे थोडे मागून ते काम चालवत. आणि फाशीची तारीख लागायची वेळ आली होती.

भावजींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कुणाला न सांगता बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला फट पाडून तो सायकलच्या दांडीला लटकवला.

मला कळलं ते शेजारणीकडून. "तुमचे दीर खुन्यासाठी पैसे मागताहेत, आणि तेही हातात सुरी घेऊन."

मी त्यांना धरलं. "भावजी, लोक काय म्हणतील? हातात हे एवढं पातं आणि म्हणताय की जीव वाचवायला काहीतरी द्या. घाबरून देत असतील सगळे!"

"काही जण देतात," म्हणाले.

"आणि बाकीचे?"

"शिव्या देतात."

हसू आलं मला, पण फार वेळ टिकलं नाही. घरात फोन यायला लागले. उचलला की पलीकडे कुणी बोलायचं नाही, फक्त श्वास. एकदा बाहेर वाळत घातलेला भावजींचा सदरा कुणीतरी उभा फाडून परत दोरीवर नीट चिमटे लावून टांगून ठेवला. फाडला त्याची मला एवढी भीती वाटली नाही. चिमटे लावले त्याची वाटली.

मग एका दुपारी थोरला आला. मेलेल्या मालकाचा थोरला भाऊ. मुलगा कामावर, सूनबाई मुलांना आणायला शाळेत. भावजी चहा पीत होते, सायकल खाली बोळात उभी. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं.

"धार लावायची आहे," तो म्हणाला.

मला वाटलं भावजी नाही म्हणतील. ते उठले, चहा तसाच ठेवला आणि खाली जाऊन सायकलवर बसले. थोरल्याने कागद सोडला. मोठा सुरा. चामड्याचा नाही, खाटकाकडे असतो तसला. भावजींनी तो घेतला आणि पायडल मारायला लागले. थोरला त्यांच्या पाठीशी उभा, अगदी चिकटून. मी जिन्याच्या तोंडाशी. बोळ भरदुपारीही अंधारा, आणि एवढा अरुंद की मला मधे शिरायला जागा नव्हती, आणि असती तरी पाय हलले असते असं वाटत नाही. ठिणग्या उडत होत्या आणि त्यांच्या उजेडात त्याचं तोंड दिसायचं, जायचं, दिसायचं.

"अजून लाव."

भावजींनी अजून लावली.

"डब्यात किती जमले?"

"मोजले नाहीत."

"जमव. भरपूर जमव. तू डबा लटकवून फिरतोस त्याचे फोटो आहेत आमच्या वकिलाकडे. तू परत साक्ष द्यायला उभा राहा तर खरा. ते विचारणार आहेत, हा साक्षीदार आहे की त्या हरामखोराचा वसुलीवाला?"

भावजींचा पाय थांबला. चाक आपलं आपण थोडं फिरलं आणि मग तेही थांबलं. त्यांनी सुरा पुसून मुठीकडून पुढे केला. थोरल्याने तोच वर्तमानपत्राचा कागद धरला आणि वरून पातं नुसतं टेकवलं. कागद आवाज न करता दोन झाला.

"किती झाले?"

"काही नको."

"फुकट कशाला?" असं म्हणून त्याने खिशातून नाणं काढलं आणि डब्याच्या फटीत टाकलं. "घे. माझेही त्यातच."

तो गेला. भावजी म्हणाले, "वहिनी, चहा गार झाला." मी म्हटलं, "चहाला आग लागो. चला वकीलबाईंकडे."

वकीलबाईंनी ऐकलं आणि कपाळ दोन्ही हातांत धरलं.

"काका, डबा लावायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"अहो, त्याच्यासाठी तुम्हीच पैसे गोळा केलेत, तर तुमचं बोलणं कोर्ट खरं कसं मानेल? म्हणतील, हा त्यांच्याच बाजूचा. कारखान्यातले बाकीचे त्या थोरल्याला भिऊन तोंड उघडत नाहीत, आपल्याकडे दुसरं काही नाही हो. तुमचं ते एक वाक्य आहे, बस. मला आधी बोलला का नाहीत?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बाई, ते विचारू नका. घरी आम्ही तेच विचारून दमलो."

मास्तरांनी तो डबा कागदात बांधून कपाटात ठेवला. त्यातला पैसाही या अर्जाला लावायचा नाही, असं ठरलं. भावजींनी या खोलीत पाऊल ठेवायचं नाही, कुणाकडे काही मागायचं नाही, फक्त कोर्टात यायचं. म्हणजे जे होतं तेही गेलं. पुन्हा पहिल्यापासून गोळा करायचं, आणि करणार कोण? मास्तरांचा पाय प्लास्टरमध्ये. नर्सबाईंना ड्यूटीतून सुटका नाही. वकीलबाई रात्रंदिवस कागदांत.

"मी फिरते," कुणीतरी म्हणालं. बघते तर मीच.

बोलून गेले खरी. फाशी असावी की नसावी, याचा मी कधी विचार केला नव्हता. मला फक्त एवढं दिसत होतं की तो डावखुरा त्या खोट्या अर्ध्या वाक्यावर लटकला, तर त्याच्यामागून आमचे भावजीही जाणार. दोरी नाही लागायची त्यांना. नुसते खायचे थांबतील.

सूनबाई भडकली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. "आई, भाजी आणायला सांगितलं की तुमचे गुडघे दुखतात, आणि आता खुन्यासाठी दारोदार?"

"खुन्यासाठी कुठे? काकांसाठी."

"काकांनी डबा लावला तर सदरा फाटला. तुम्ही लावलात तर काय फाटेल? मुलं एकटी खाली खेळतात, आई." तिचा आवाज फुटला. "मी त्यांना घेऊन माहेरी जाते. सगळं संपलं की बोलवा."

गेली ती. घर एवढं शांत झालं की नळाच्या थेंबालाही मी दचकायची.

दारोदार फिरणं म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं. घंटी वाजवायची आणि आतून पावलं आली की वाटायचं, उघडू नये. पहिल्या दारात बाईने विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "एकाला फाशी होऊ नये म्हणून." दार बंद. दुसऱ्या दारात मी म्हटलं, "पाणी मिळेल का?" आणि पाणी पिताना सांगितलं. तिथे निदान पाणी तरी मिळालं. मग मी तेच धरलं. घशाला कोरड खरीच पडलेली असायची, त्यात खोटं काही नव्हतं.

कपडे शिवणारी एक बाई मशीनवरून न उठता म्हणाली, "आजी, माझ्या नवऱ्याला कुणी मारलं असतं तर तुम्ही त्या मारणाऱ्यासाठी आला असतात?"

"नसते आले," मी म्हटलं. "मला सुचलंही नसतं."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. दिलं काही नाही. पण जिन्यातला दिवा लावला आणि मी खाली पोचेपर्यंत बंद केला नाही.

खाटीक मात्र उदार निघाला. "देतो," म्हणाला, "पण कुठे बोलू नका. गिऱ्हाइकांना वाटेल खाटीक मऊ पडला, उद्या भाव पाडून मागतील." एका कॉलेजच्या मास्तराने आत बसवून मलाच फाशीबद्दल तासभर समजावलं, सगळं माझ्याच बाजूचं, आणि मग सुट्टे नाहीत म्हणाला. मी म्हटलं, "बंदे चालतील." दिले बिचाऱ्याने.

मागे कुणीतरी असायचं. स्कूटर. मी थांबले की थांबायची. मी दुकानाच्या काचेत बघायची तर हेल्मेटची काळी काच दिसायची. एकदा मी मुद्दाम उलटी फिरून तिच्याकडे चालत गेले. तर हळूच वळली आणि गेली. शूरपणा नव्हता तो. पाठीमागचं न दिसणारं मला पुढच्या दिसणाऱ्यापेक्षा जास्त घाबरवतं, एवढंच.

आणि एकदा औषधांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर मी गुडघे चोळत बसले होते तर शेजारी थोरला येऊन बसला. मी पिशवी छातीशी धरली.

"बसा, आजी. घाबरू नका. हल्ली नातवंडं दिसत नाहीत खाली?"

"मामाकडे गेलीत," मी म्हटलं, आणि जीभ चावली. कुठे आहेत ते मीच सांगून बसले.

"मामा लांब राहतो का?"

मी औषधवाल्याकडे बघितलं, तो पाठ करून बाटल्या लावत होता.

"माझी पुतणी रोज दारात बसते," तो म्हणाला. "बापाच्या चपला आम्ही अजून उचलल्या नाहीत, तिथे." मग माझ्या पिशवीकडे बघितलं. "सगळ्यांच्या दारात गेलात. आमच्या दारात आला नाहीत."

"कुठल्या तोंडाने येऊ, बाबा?"

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला आणि उठला.

घरी येऊन आधी सूनबाईला फोन लावला. मुलं बरी होती, दंगा करत होती. मी म्हटलं, "त्यांना बाहेर सोडू नकोस." ती म्हणाली, "काय झालं, आई?" मी म्हटलं, "काही नाही." बघा, मीही भावजींसारखीच उत्तरं द्यायला लागले होते.

पैसे जमले एकदाचे. थोडे कमी पडले ते नर्सबाईंनी आपले घातले. अर्ज गेला. तोवर फाशीची तारीख ठरलेली होती, आणि ती तारीख येण्याआधीच कोर्टाने भावजींना बोलावलं.

त्या शहरापर्यंतच्या प्रवासात मी डबा उघडून भाकरी पुढे केली, भावजींनी नको म्हणून मान हलवली. कोर्टाची खोली उंच, पंखे उंच, आणि आमच्यासारख्यांसाठीची बाकं मात्र बुटकी. डावखुऱ्याला दोन पोलिसांनी आणलं. मी त्याला पहिल्यांदाच बघितलं. गालफडं बसलेली. त्याची बायको माझ्या पुढच्या बाकावर होती, तिचे खांदे कानांपर्यंत वर चढलेले आणि तसेच राहिलेले. पलीकडच्या बाजूला थोरला. एकटा.

समोरच्या वकिलांनी पहिलाच घाव घातला. "तुम्ही या आरोपीसाठी लोकांकडून पैसे गोळा केलेत का?"

"हो," भावजी म्हणाले.

आणि थांबले. मी मनात म्हटलं, मेलं. इथेच थांबणार हा माणूस. वकील वळायलाही लागले होते.

"हो," भावजी पुन्हा म्हणाले. "केले. थोडे दिवस. मला कळलं नाही की तसं करायचं नसतं. मग बंद केले. ते पैसे या कामाला लावले नाहीत, डबा बांधून ठेवलाय. त्यात सगळ्यांचे आहेत. मालकांच्या भावाचं नाणंही आहे."

खोलीत कुजबुज झाली. थोरल्याने मान खाली घातली. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

"तुम्हाला कोर्टाला काय सांगायचं आहे?"

असं सरळ त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नसेल. भावजींनी कठड्याची कड धरली. त्यांच्या हातांवरचे भाजल्याचे काळे ठिपके मला इतक्या लांबून दिसत होते.

"साहेब, त्याने मला बोलावलं नव्हतं. मीच गेलो होतो. मंगळवारी मी त्या गल्लीत जातो, दर मंगळवारी, पाऊस असो, ऊन असो. त्याची लावली, तशी बाकीच्यांचीही लावली. मालकांच्या कात्र्यांनाही लावली. त्यांनी चहा दिला."

"हे पहिल्यांदा का नाही सांगितलं?"

"मला वाटलं कोर्टाला माहीत असेल," भावजी म्हणाले. "त्या गल्लीत लहान मुलालाही माहीत आहे."

कुणी हसलं नाही. न्यायाधीश लिहायला लागले. किती वेळ लिहीत होते, कोण जाणे. माझ्या पुढच्या बाईचा श्वास बंद झाला होता, तो मलाच घ्यावासा वाटत होता. मग त्यांनी वाचलं. इंग्रजीच होतं, मला कसं कळणार? मी वकीलबाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी मागे वळून हळूच सांगितलं, "तारीख रद्द. शिक्षेचा विचार पुन्हा होणार. सुटला नाही, आजी. पण आता लटकत नाही."

पुढची बाई बाकावरून खाली सरकली. तिला उचलायला तिघी लागल्या. डावखुऱ्याने भावजींकडे बघितलं की नाही, मला दिसलं नाही. त्याला नेलं.

आम्ही बाहेर आलो तर व्हरांड्यात थोरला उभा. मी भावजींच्या पुढे झाले. का झाले, माझं मलाच कळलं नाही. माझी उंची त्यांच्या खांद्यापर्यंत, आणि हातात जेवणाचा डबा.

त्याने भावजींकडे बघितलं, माझ्या डोक्यावरून.

"आत इतका वेळ झाला," तो म्हणाला. "माझ्या भावाबद्दल कुणी काही बोललं नाही. तू एकटा बोललास. चहाचं."

भावजींनी काही उत्तर दिलं नाही. त्याने काही विचारलं नव्हतं.

परतीची गाडी संध्याकाळी एकच. थांब्यावर आम्ही एका टोकाला, तो दुसऱ्या टोकाला. गाडी आली, तो पुढच्या दाराने चढला, आम्ही मागच्या. भावजींनी खिडकीला डोकं टेकलं आणि किती दिवसांनी त्यांचा डोळा लागला. मी मात्र सगळी वाट त्याच्या मानेकडे बघत बसले. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. एकेक गाव आलं, लोक उतरत गेले, आतले दिवे लागले, आणि शेवटी गाडीत आम्ही दोघं, तो आणि कंडक्टर एवढेच उरलो.

उतरायचा थांबा त्याचा आणि आमचा एकच होता.